कुंद्याचा डबा आणि दिवसांचा हिशोब

माझ्या टेबलावर कुंद्याचा, आमच्या बेळगावच्या त्या मिठाईचा, एक रिकामा डबा असतो, अर्ध्या किलोचा, झाकणाला मधोमध चीर पाडलेली. सेकंड पीयूच्या, म्हणजे बारावीच्या पोरांना बायोच्या तासाला जे तोंडाने विचारायला लाज वाटते ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं, नाव घालायचं नाही, अक्षर ओळखू येईल म्हणून भीती वाटली तर डाव्या हाताने लिहा म्हणून सांगते. चिठ्ठ्या मराठीत येतात, कन्नडात येतात, मोबाइलवर टाइप करतो तसल्या इंग्लिशमध्ये येतात, पण प्रश्न फिरून फिरून तेच. आणि एवढी वर्षं हा डबा उपसून माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी की निम्मे प्रश्न तारखेचे असतात. कितव्या दिवशी, किती तासांत, किती महिन्यांनी, कितव्या वर्षी. शरीराचं कॅलेंडर वाचता येत नाही म्हणून पोरं घाबरलेली असतात.

गंमत म्हणजे हीच पोरं पेपरात ओव्ह्युलेशनवर आकृतीसकट उत्तर लिहितात, मार्क पण घेतात. पण पुस्तक इंग्लिशमध्ये, घर मराठीत आणि बसस्टँडवर कन्नड, त्यामुळे पुस्तकातली मेन्स्ट्रुअल सायकल आणि घरी आजी "बाहेरची झालीस काय गे?" म्हणून विचारते ती, ही एकच गोष्ट आहे हे डोक्यात कुठे जुळतच नाही. बाय द वे, आपण "शिवायचं नाही", "कावळा शिवला" म्हणतो ना, कन्नडात पाळीला मुट्टु म्हणतात आणि मुट्टु म्हणजे शिवणंच. आपण "बाहेरची" म्हणतो, ते पण "होरगे", म्हणजे बाहेरच. सीमेवरून किती का भांडेनात, ह्या बाबतीत दोन्ही भाषा एकाच ओसरीवर बसल्यात.

सगळ्यात जास्त वेळा आलेली चिठ्ठी ही: "मॅडम, पाळी संपल्या संपल्या संबंध आला तर काय होत न्हाई म्हणत्यात, खरं काय?"

उत्तर एका शब्दात द्यायचं तर नाही, ते खरं नाही. पण का नाही ते समजलं तर बाकीच्या दहा चिठ्ठ्यांचं उत्तर आपोआप मिळतं, म्हणून जरा थांबून बघूया.

रक्त दिसलं तो पाळीचा पहिला दिवस. संपला तो नाही, सुरू झाला तो. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने टिंब करायचा तो ह्या दिवशी. ह्या टिंबापासून पुढच्या टिंबाच्या आदल्या दिवसापर्यंत जेवढे दिवस ती तुमची सायकल. २८ हा आकडा पुस्तकातला, खऱ्या बायकांत २१ पासून ३५ पर्यंत काहीही चालतं, आणि नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये ४५ पर्यंत गेलं तरी पहिली दोन-तीन वर्षं घाबरायचं कारण नसतं. ह्या दिवसांत आत दोन कामं चालतात, एकीकडे अंडाशयात एक बीज पिकत असतं आणि दुसरीकडे गर्भाशयात पाहुणा येणार म्हणून गादी घातली जाते, रक्तवाहिन्यांची मऊ गादी. मग बीज बाहेर पडतं, गर्भनलिकेत येऊन थांबतं, आणि तिथे शुक्राणू भेटला नाही तर साधारण दोन आठवड्यांनी गादी गुंडाळून बाहेर टाकली जाते. ती पाळी. त्यात घाण वगैरे काही नाही, वापरली न गेलेली गादी आहे ती.

आता कळीचा मुद्दा. बीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ जवळपास ठरलेला असतो, १४ दिवसांच्या आसपास. कमीजास्त होतो तो त्याच्या आधीचा काळ. बेळगाव स्टँडवरून खानापूरची बस धरायची असेल तर काय होतं, बस सुटायला दहा मिनिटं लागतील नाहीतर तासभर, पण एकदा सुटली की पुढचा प्रवास जवळपास तेवढाच. तसंच हे. परीक्षेचं टेन्शन, ताप, एकदम वजन कमी होणं, झोपेचं खोबरं, ह्यामुळे बस सुटायला उशीर होतो, म्हणजे बीज उशिरा निघतं, आणि मग पाळी उशिरा येते. म्हणून मोजायचं मागून. २८ दिवसवालीचं बीज १४ व्या दिवसाच्या आसपास, ३५ वालीचं २१ व्या, आणि २४ दिवसवालीचं? दहाव्या.

बीज फार तर १२ ते २४ तास जगतं. पण शुक्राणू बाईच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत जगू शकतो. आता २४ दिवसवालीचा हिशोब करा. पाळी सहाव्या दिवशी संपली, त्याच दिवशी संबंध आला, शुक्राणू चार दिवस वाट बघत थांबला, दहाव्या दिवशी बीज आलं. झालं. "संपल्या संपल्या काय होत न्हाई" कुठे राहिलं? आणि बस आज कधी सुटणार हे आधी कुणालाच सांगता येत नसल्यामुळे ज्यांची पाळी मागेपुढे होते त्यांनी "सेफ पिरियड" वर विसंबायचंच नाही. मोबाइलमधलं पाळीचं ॲप पण मागच्या तारखांवरून अंदाजच करतं, त्याला आतलं काही दिसत नाही.

पाळीतल्या चिठ्ठ्या अजून बऱ्याच असतात, पटापट घेते. रक्त किती जातं? वाटतं भरपूर, असतं साधारण ३० ते ४० मिलि, ८० च्या वर म्हणजे जास्त, आता हे कुणी मापाने मोजत नाही म्हणून खूण अशी की तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, सात दिवसांच्या वर चालत असेल, मोठ्या गाठी पडत असतील तर डॉक्टर. पंधरा पूर्ण झाली तरी पाळी सुरूच नाही, किंवा सुरू होऊन मग तीन-तीन महिने गायब, तरी डॉक्टर. दुखतं तेव्हा गरम पाण्याची पिशवी आणि डॉक्टरने सांगितलेली गोळी घ्यायला काही हरकत नाही, सहन करण्याला बक्षीस नाही. दुखण्याने दर महिन्याला कॉलेज बुडत असेल तर ते मात्र नॉर्मल म्हणून सोडून देऊ नका.

कापड वापरत असाल तर ते पण ठीकच, खरा प्रश्न वाळवण्याचा. आमच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पोरी सांगतात, जून ते ऑगस्ट ऊन म्हणून दिसत नाही, त्यात लाजेपायी ते कापड परकराच्या खाली नाहीतर कपाटामागे वाळत घालायचं, ते ओलंच राहतं, आणि मग खाज, पुरळ, इन्फेक्शन. उघड्यावर दोरीवर वाळू दे, पाऊसच असेल तर गरम इस्त्री फिरवा. पॅड असेल तर चार ते सहा तासांनी बदलायचं, भिजलेलं दिसत नसलं तरी. कर्नाटकात सरकारी शाळांतल्या मुलींना शुचि योजनेतून पॅड देतात, तुमच्या शाळेत येत नसतील तर हेडमास्तरांना विचारायला लाजू नका. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात ना, ती लोहाची, ती पोरी मागच्या बाकाखाली टाकतात हे मला माहीत आहे कारण मी पण टाकायची. दर महिन्याला रक्त जातं त्याची भरपाई ती गोळी करते, जेवल्यावर घ्या म्हणजे मळमळत नाही, आणि वरून लगेच चहा ढोसू नका, लोह अंगी लागत नाही.

लोणचं नासतं का म्हणून पण चिठ्ठी येते. नाही नासत, मी दरवर्षी हात लावून बघते.

आता पोरांच्या चिठ्ठ्या. त्यांची अर्धी दुनिया एका शब्दावर अडकलीय: धात, म्हणजे वीर्य. "धात जाते, अशक्तपणा आलाय, एका थेंबाला शंभर थेंब रक्त लागतं म्हणतात." हा रक्ताचा हिशोब कुणी काढला देव जाणे पण सपशेल चुकीचा आहे. वीर्य रक्तापासून बनत नाही. वयात आल्यावर वृषणात शुक्राणू बनायचा कारखाना सुरू होतो, रोज कोट्यवधी बनतात, एक शुक्राणू तयार होऊन बाहेर पडण्याजोगा व्हायला साधारण अडीच महिने लागतात, आणि वापरले गेले नाहीत तर शरीर ते जिरवून टाकतं नाहीतर झोपेत बाहेर पडतात. त्याला आपण स्वप्नदोष म्हणतो, म्हणजे नावातच दोष घालून ठेवलाय, दोष काहीच नाही त्यात. हस्तमैथुनाने पण आंधळेपणा, नामर्दपणा, हातापायाच्या काड्या असलं काही होत नाही, अभ्यास सोडून दिवसभर तेच डोक्यात राहायला लागलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा कुणाशी तरी बोला. डॉ. एन. एन. विग म्हणून आपले मोठे मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी १९६० मध्ये ह्या धास्तीला "धात सिंड्रोम" असं नाव दिलं, म्हणजे त्रास खरा, अशक्तपणा वाटतो तो पण खरा, पण तो येतो भीतीतून. आणि भीतीवर पोट भरणारे "गुप्तरोग, एका महिन्यात गॅरंटी" वाले भिंतीभिंतीवर आहेतच. एक पोरगा तीन महिने कसलीतरी पूड खात होता, पैसे पेट्रोलचे म्हणून घरातून घ्यायचा. हां, लघवीला जळजळ, जखम, पू, वृषणात एकाच बाजूला गाठ किंवा एकदम जोरात दुखणं, ह्यांना लपवायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

आणि अजून एक, "बाई म्हणजे शेत, पुरुष म्हणजे बी" हे जे म्हातारी माणसं म्हणतात ते जीवशास्त्रात बसत नाही. अर्धं बाईचं, अर्धं पुरुषाचं. मुलगा की मुलगी ते मात्र शुक्राणूवर ठरतं, एक्स गुणसूत्र घेऊन आला तर मुलगी, वाय घेऊन आला तर मुलगा, बीजाकडे एक्सच असतो. चौथ्या मुलीनंतर सुनेला बोलणाऱ्या सासूला हे एकदा कुणीतरी सांगायला पाहिजे. गर्भात काय आहे ते तपासून सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

मग दिवस राहणं. बघा, मराठीतच किती नेमका शब्द आहे, दिवस राहिले. शुक्राणू आणि बीज नलिकेत भेटले तरी गर्भाशयाच्या गादीवर जाऊन रुजायला सहा ते दहा दिवस लागतात, आणि रुजल्यावरच ते हार्मोन तयार होतं जे लघवीच्या टेस्टमध्ये दिसतं. म्हणून संबंधानंतर दुसऱ्या दिवशी टेस्ट करून निगेटिव्ह आली म्हणून पेढे वाटू नयेत. पाळीची तारीख चुकल्यावर करा, सकाळच्या पहिल्या लघवीची, निगेटिव्ह आली आणि तरी पाळी नाही तर आठवड्याने परत. आशाताईंकडे निश्चय नावाचं किट फुकट असतं.

आता इथे डॉक्टरांचा हिशोब समजून घ्या कारण इथे भले भले चुकतात. डॉक्टर गर्भाचे दिवस संबंधाच्या तारखेपासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे परत तोच टिंब. पाळी चुकली त्या दिवशीच त्यांच्या हिशोबाने चार आठवडे झालेले असतात. पूर्ण काळ २८० दिवस, ४० आठवडे. टिंबाच्या तारखेतून तीन महिने मागे या आणि सात दिवस मिळवा, १० जूनचा टिंब असेल तर १७ मार्चच्या आसपास बाळंतपण. आजी नऊ महिने नऊ दिवस म्हणते, फार लांब नाही ती.

हे का सांगतेय तर कायद्यातले आठवडे पण असेच मोजतात. गर्भपात आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने कायदेशीर आहे, बऱ्याच लोकांना हेच माहीत नसतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि काही ठरावीक परिस्थितीत २४ पर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने करता येतो. बाई १८ च्या वर असेल तर फक्त तिची सही लागते, नवऱ्याची नाही, बापाची नाही, आणि लग्न झालंय का हा प्रश्न गैरलागू आहे, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ते स्वच्छ सांगितलंय. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक. पण मेडिकलमधून गोळ्या आणून रूमवर घ्यायच्या हे अजिबात नको, गर्भ चुकून नलिकेतच रुजला असेल तर गोळ्यांनी तो जात नाही आणि नलिका फुटून जीवावर बेततं. सोनोग्राफी करून, डॉक्टरसमोर.

त्या आधीचं सांगायचं तर: कंडोम फाटला, नाहीतर वापरलाच नाही, तर एक गोळी असते, लेव्होनॉर्जेस्ट्रेलची, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमध्ये मिळते, ७२ तासांच्या आत, पण ७२ तास आहेत म्हणून तिसऱ्या दिवशी घेऊ नका, जितकी लवकर तितकी उपयोगाची. कारण ती बस सुटण्याआधीच थांबवते, बीजच उशिरा बाहेर पडायला लावते. सुटलेली बस ती परत आणत नाही, म्हणजे ती गर्भपाताची गोळी नाही. घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. पुढची पाळी मागेपुढे होते, आठवड्याच्या वर लांबली तर टेस्ट. दर आठवड्याला चॉकलेटसारखी खायची ती वस्तू नव्हे. ७२ तास उलटून गेले असतील तर पाच दिवसांच्या आत डॉक्टर तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवू शकतात, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

नेहमीच्या साधनांत कंडोम सोडून कशानेच रोगांपासून बचाव होत नाही, म्हणून तो आधी. एक्सपायरी बघायची, पाकिटात महिनोन्महिने दाबून ठेवायचा नाही, एकावर एक दोन घालायचे नाहीत, परत वापरायचा नाही. "मी वेळेत बाहेर काढेन" हे साधन नव्हे, आशा आहे. तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, माला-एन हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट आहे, कुणाला काय चालतं ते तिथे विचारून. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ मध्ये, मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी, आणि त्यापायी प्रोफेसरकी घालवली, आणि आपण अजून मेडिकलवाल्याला कंडोम मागताना बाजूचं गिऱ्हाईक जायची वाट बघतो.

एचआयव्हीची चिठ्ठी पण दिवसांचीच. "काल झालं, आज टेस्ट करू?" आज केलीत तर काल काय झालं ते दिसणार नाही, लागण झाल्यावर टेस्टमध्ये दिसायला वेळ लागतो, म्हणून तीन महिन्यांनी परत करायला सांगतात. पण आजच जायचं कारण वेगळं आहे: ७२ तासांच्या आत सुरू केली तर २८ दिवसांची औषधं असतात, लागण होऊ न देण्यासाठी. सिव्हिलमध्ये जा. टेस्ट तिथे फुकट आणि गुप्त. १०९७ ही हेल्पलाइन पण आहे. एका ताटात जेवून, डास चावून, मिठी मारून एचआयव्ही होत नाही. आणि पोरींनो, एचपीव्हीची लस ९ ते १४ वयात घेतली तर सगळ्यात चांगली, नंतर पण घेता येते, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवते, घरी विषय काढा.

मग वर्षांचा आकडा, १८. "आमचं दोघांचं प्रेम आहे, दोघं राजी आहोत" हे १८ च्या आत कायदा ऐकत नाही, २०१२ च्या पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात, तुमच्या राजीखुशीला किंमतच नाही, आणि पोरगा सतरा वर्षांचा असला तरी केस होते. हे बरोबर की चूक ह्यावर मी तासभर भांडू शकते, पण कायदा आज असा आहे तो माहीत पाहिजे. १८ च्या आतल्या मुलीला दवाखान्यात नेलं तर डॉक्टरला ते पोलिसांना कळवावं लागतं, गर्भपाताच्या बाबतीत तिने आणि पालकांनी सांगितलं तर नाव न देता कळवता येतं, त्यामुळे केस होईल म्हणून दवाखानाच टाळू नका, त्यात मुलीचा जीव जातो. लग्नाचं पण तसंच, मुलगी १८, मुलगा २१, आणि कर्नाटकात त्याच्या आतलं लग्न मुळातच रद्द धरलं जातं. दहावी झाली की ज्यांच्या घरी पाहुणे यायला लागतात त्यांनी चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर पाठ करून ठेवा.

हो म्हणणं ह्या गोष्टीला मात्र दिवस लागू होत नाहीत. किल्ला तलावाच्या कट्ट्यावर दोन तास गप्पा मारल्या म्हणजे पुढच्या सगळ्याला हो झालं असं नाही. काल हो म्हटलं म्हणजे आज हो असं नाही. गप्प बसली म्हणजे हो नाही, "ब्रेकअप करीन" म्हटल्यावर आलेलं हो पण हो नाही. एका पोराने चिठ्ठीत विचारलं होतं, "ती नको म्हटली खरं मला वाटलं लाजूलाय." नको म्हणजे नको, मराठीत ह्या शब्दाला दुसरा अर्थ नाही. फोटोचं पण तेच, तिने तुला पाठवला म्हणजे ग्रुपवर टाकायला दिलेला नाही, तो गुन्हा आहे. योनीमुखाचा पडदा शाबूत आहे का ह्यावरून मुलीचं काही कळत नाही, सायकल चालवूनही ताणतो, काहींना जन्मतः जवळपास नसतोच, आणि ती दोन बोटांची तपासणी सुप्रीम कोर्टाने बंद करायला लावलीय.

एकदा चिठ्ठी आली, फक्त एवढीच: "मला मुली आवडत नाहीत. मी कधी बरा होणार?" परत तारीखच विचारलेली. त्याला तारीख नाही कारण तो आजार नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तो गुन्हा पण नाही म्हणून सांगितलं. बरं करतो म्हणणाऱ्या बाबाबुवाकडे जाऊ नकोस एवढंच त्या दिवशी वर्गात सगळ्यांकडे बघून बोलले, एकाकडे बघून बोलता येत नव्हतं.

माझ्याकडे डबा आहे, पण डबा म्हणजे दवाखाना नव्हे. सरकारी दवाखान्यात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी स्नेहा क्लिनिक असतं, चंदगड-गडहिंग्लजकडे असाल तर त्यालाच मैत्री क्लिनिक म्हणतात. तिथे समुपदेशक असतात, सगळे प्रश्न त्यांनी आधी ऐकलेले असतात, त्यांना तुमचं नवीन वाटणार नाही.

गेल्या पालक सभेनंतर डब्यात एक चिठ्ठी निघाली, जुन्या वळणाचं सुबक अक्षर. "वय ४७. दोन महिने पाळी नाही. हे काय असेल?" डबा पोरांसाठी होता, पण आईला तरी कुठे विचारायला जागा आहे. दुसऱ्या दिवशी वर्गातच उत्तर दिलं: पाळी जायला आली असेल, ह्या वयात जाते, पण सलग बारा महिने आली नाही तरच गेली म्हणायचं, तोपर्यंत टिंब करत राहायचं, टेस्ट पण एकदा करून घ्यायची कारण अजून दिवस राहू शकतात, आणि बारा महिन्यांनंतर पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवस पण न थांबता डॉक्टर. घरी जाऊन आईला सांगा म्हटलं. कुणाची आई ते मला अजून माहीत नाही.